खरखरीतला उंचवटा

आलेखातला तो उंचवटा खरा ठरला, तर तिला कायमची नोकरी मिळणार होती. दारावर नावाची पाटी असलेली स्वतःची खोली मिळणार होती. आणि "वहिनी, तुमचं शिक्षण संपलं की नाही अजून?" असं भेटेल तेव्हा विचारणाऱ्या नणंदेचं तोंड बंद होणार होतं. हा शेवटचा लाभ तिच्या लेखी बाकीच्यांपेक्षा काकणभर जास्तच होता.

म्हणूनच आजोबा चहाला उठून गेले आणि पडद्यावरचा उंचवटा सपाट झाला, तेव्हा तिनं घाईनं मोजणी पुन्हा सुरू केली.

आजोबा म्हणजे तिचे निवृत्त सर. प्रयोगशाळेत सगळेच त्यांना आजोबा म्हणत. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं, म्हणून दोन्ही कानांत ऐकण्याची यंत्रं घालून ते रोज इथे यायचे आणि त्या भयंकर थंड टाकीशेजारी बसून राहायचे. टाकीत एक सांधा होता. एका बाजूला अतिवाहक, म्हणजे थंडीत विजेला जराही न अडवणारा धातू, दुसऱ्या बाजूला चुंबकी धातूचा पातळ थर. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीनं चालतात, दोघांची तोंडं एकमेकांच्या उलट. चुंबकाला मात्र सगळ्यांची तोंडं एकीकडे हवीत. मग सांध्यावर किती जोड्या टिकल्या आणि किती मोडल्या? नुसती वीज मोजून ते कळत नाही. विजेतली खरखर, म्हणजे तिचे बारीक चढउतार, मोजावी लागते. त्या खरखरीच्या आलेखात तिला जो उंचवटा दिसला, तो आजवर कुणालाच दिसला नव्हता. तिचा आणि आजोबांचा शोधनिबंध छापून आला. मग दुसरीकडच्या लोकांनी तोच प्रयोग करून पाहिला. त्यांना काहीच दिसलं नाही. खरंखोटं ठरवायला तज्ज्ञांची समिती येऊन प्रत्यक्ष बघणार, असं ठरलं.

म्हणून ती सकाळपासून एकेक संशयित बाद करत होती. दिवे बंद केले. पंप थांबवला. सगळ्यांचे फोन बाहेर ठेवले. उंचवटा हलला नाही. मग आजोबा उठले.

ते परत आले, तसा उंचवटाही परत आला. दोन्ही कानांतली यंत्रं आपापसांत बिनतारी बोलत असतात, हे तिला तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांची खुर्ची टाकीच्या आणखी जवळ ओढली.

"आजोबा, तुम्ही उठायचं नाही. चहा मी इथेच आणते."

"काय गं, आज सूर्य कुठे उगवला?"

"काय हे! एवढंही करू नये का मी?"

आजोबा खुलले. इस्त्रीचे शर्ट घालून येऊ लागले. बायकोच्या गोष्टी सांगू लागले. ती कशी भांडायची, भांडून कशी आधी हसायची. पडद्यावर नजर ठेवून ही "हं, हं" करायची. लबाडी अशी काही करावी लागली नाही. नुसती माया करावी लागली.

समिती आली. आजोबा वेळेवर येऊन खुर्चीत बसले. तिनं मोजणी सुरू केली. आलेख सपाट. पुन्हा केली. सपाट. तिनं आजोबांच्या कानांकडे पाहिलं. कान रिकामे होते.

"यंत्रं घरी ठेवून आलो," ऐकू न येणारा माणूस बोलतो तसे ते मोठ्यानं समितीला म्हणाले. "तुम्ही शोधताय तो उंचवटा त्यांचाच होता."

समिती निघून गेल्यावर तिनं त्यांच्यासमोर उभं राहून, ओठ सावकाश हलवत विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"तुला कळलं, त्याच दिवशी. अगं, जन्म गेला माझा खरखर मोजण्यात! दुसऱ्या दिवशी सांगणारच होतो. पण तू खुर्ची ओढलीस. चहा आणलास. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. रोज तेच म्हणत राहिलो."

नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. ते रास्तच झालं. निबंध मागे घेतला गेला. उभ्या हयातीत आजोबांवर अशी वेळ कधी आली नव्हती. ते यायचे थांबले. मग त्यांच्या गोष्टींवाचून तिला ती खोली सहन होईना. त्यांच्या बायकोच्या भांडणाच्या गोष्टी ऐकताना आपण पडद्याकडे बघायचं केव्हा विसरलो, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. एके दिवशी ती त्यांच्या घरी गेली.

"चला ना आजोबा. नुसतेच बसा. गप्पा मारू."

त्यांनी यंत्रं घातलेली होती. त्यांना नीट ऐकू आलं. ते हसले आणि अगदी हळू म्हणाले, "आता कशासाठी हवाय मी, पोरी?"

तिला कशासाठीच नको होते. नुसते हवे होते. आणि जगात एवढी एकच गोष्ट आता ती त्यांना पटवून देऊ शकत नव्हती.