उडत्या बैलावरची राजकन्या

"कादंबरी झकास आहे, मॅडम," पुण्याचे संपादक फोनवर म्हणाले. "उडत्या बैलावरची राजकन्या मुलांना वेड लावेल. फक्त ती 'काहून बे राक्षसा, आमच्या बगीच्यात काय करून राहिला?' असं विचारते ना, ते नको. राजकन्या कशी शुद्ध बोलली पाहिजे! वऱ्हाडी हवीच असेल, तर राक्षसाच्या तोंडी घाला. मुलं खदाखदा हसतील."

वरूडच्या शेडमध्ये लहानमोठी संत्री निवडता निवडता जयवंता ऐकत होती. सोबतच्या बायांच्या पोरांनी हीच गोष्ट तिला तीनदा सांगायला लावली होती. राजकन्येच्या बोलण्याला एकही पोरगं हसलं नव्हतं.

"तुमी म्हनता तर राक्षसाची भाषा बदलून देते, सर," ती म्हणाली.

आठ दिवसांत हस्तलिखित पुण्याला पोचलं. राजकन्येचा एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. राक्षस मात्र आता गुहेच्या तोंडाशी उभा राहून बोट नाचवत म्हणत होता, "राजकन्या कशी शुद्ध बोलली पाहिजे!"

आणि पुढच्याच ओळीत राजकन्येनं "सरक बे!" म्हणत बैल थेट त्याच्या अंगावर घातला होता.