उरलेले आठशे मीटर

शिंपीकाकांची लेक अशी पळायची की तिच्या सावलीला मागून रिक्षा करून यावं लागायचं. तिच्या घड्याळातला अलीकडचा सराव काकांच्या फोनमधला एआय मदतनीस क्षणात शोधून आणायचा. घराजवळच्या वळणावर ट्रकनं तिला कायमचं थांबवलं, त्यालाही वर्ष झालं. तरी काका रोज सकाळी फोनमधल्या मदतनिसाला विचारायचे, "आज कुठवर पळाली रे?"

"शेवटचा सराव चार किलोमीटर दोनशे मीटर. ठरलेल्या पाचातले आठशे मीटर बाकी आहेत."

"त्याला नाही अक्कल, तुम्हाला तरी असावी!" काकू करवादायच्या. "किती दिवस तेच उगाळणार?"

आज काकांनी लेकीचं घड्याळ मनगटावर बांधलं आणि ते त्या वळणावर गेले. थांबलेला सराव त्यांनी पुढे चालू केला आणि शिलाई मशीन मारून झिजलेले पाय ओढत ते घराकडे पळत सुटले. दारात पोचताच फोन म्हणाला, "पाच किलोमीटर पूर्ण. शाब्बास!"

 

काकूंनी दार उघडलं, घामाघूम काकांना बाजूला सारलं आणि रिकाम्या जिन्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "आलीस? किती गं उशीर केलास!"