बबडीचं काम

सुतारांनी खांद्यावरची फळी सभागृहाच्या दारात टेकवली आणि आत डोकावून पाहिलं. रंगमंचावर निम्मी शाळा नाचत होती. त्यांची मुलगी तेवढी शेवटच्या रांगेत, अंधारात, हातातल्या बॅटरीशी चाळा करत बसली होती. बटण दाबायचं, सोडायचं. पुन्हा दाबायचं.

आजही तेच.

शाळेने यंदा ब्रॉडवेचं भलंमोठं संगीत नाटक करायला घेतलं होतं. दुमजली घर, गोल जिना, वर सज्जा आणि सज्ज्यावरून गाणारी मुलं. हे सगळं लाकूडकाम सुतार फुकट करून देत होते, ते काही कलेच्या प्रेमापोटी नव्हे. आपली मुलगी त्या जिन्यावरून गात उतरेल, आणि ज्यांच्या घरी आपण कपाटं बसवली ती मंडळी खालून मान वर करून बघतील, एवढीच त्यांची हौस. आणि बबडी इथे खुर्ची उबवत होती.

"तुला काम काय दिलंय गं नाटकात?" जेवताना त्यांनी विचारलं.

"आहे एक," बबडी म्हणाली. "पडदा पडला की कळेल सगळ्यांना." तिचा घसा पार बसला होता.

"गाणं नाही, नाच नाही, मग घसा कशानं बसतो? सगळ्यांना हाका मारत फिरायला ठेवलंय वाटतं."

बबडी नुसती हसली. ताटाभोवती वाट्या-चमचे मांडून तिचं काहीतरी चाललं होतं. एक वाटी पुढे, दोन चमचे मागे, मग सगळं उलट. एवढी घोडी झाली आणि अजून भातुकली! कुणी खेळायला घेत नाही, तेच मूल असं एकटं खेळत बसतं.

"राहू द्या हो," आई म्हणाली. "तिचं ती बघेल."

"तू पाहिलंयस का तिला तिथे बसलेली? मी रोज पाहतो. बघवत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नाटकाच्या सरांना गाठलं. सर तसे भले, पण ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

"सर, माझ्या मुलीला मागे कोपऱ्यात का बसवलंय?"

"तिची जागा तीच आहे," सर म्हणाले. "तिथून ती उठली तर नाटकाचं कठीण आहे."

सुतारांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे ती स्टेजवर आली तर नाटक बुडेल, असंच ना?"

"तसं नाही हो. तुम्ही तिलाच विचारा. मी तिला शब्द दिलाय, मला बोलता येत नाही."

"ती काय सांगणार? विचारलं की हसते. आता मीच सांगतो. तिला स्टेजवर घ्या, नाहीतर जिना माझ्या कारखान्यातून हलणार नाही. सज्जाही नाही."

"अहो, नाटक तोंडावर आलंय! एवढी मुलं राबली आहेत..."

"त्यातली एक माझी आहे."

सरांनी कपाळ चोळलं आणि बबडीला बाहेर बोलावलं. दोघं खांबापाशी बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. सर सारखे मान हलवत होते आणि बबडीच त्यांची समजूत घालत होती. सुतारांना हे जरा उलटंच वाटलं. मग ती बापासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल झाले होते.

"बाबा, करते मी स्टेजवर काम. पण जिना उद्याच पाठवा. त्याच्याशिवाय दुसरा अंक उभाच राहत नाही."

पोरीला आनंदाने रडू आलं, असं सुतार समजले. जिना आणि सज्जा त्यांनी त्याच संध्याकाळी पोचवले.

नाटकाच्या दिवशी ते नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. पडदा उघडला. जिना देखणा दिसत होता. तेवढाच काय तो देखणा. उजेड एकावर पडायचा आणि गायचा दुसराच. वाद्यं पुढे पळाली, गाणं मागे राहिलं. सज्ज्यावरची मुलं आपली पाळी विसरून सभागृहाच्या मागच्या अंधाराकडे टकमक बघत राहिली. दुसऱ्या अंकात नायक आणि खलनायक एकदमच जिन्यावर आले आणि एकमेकांना वाट देत बसले. लोक खो खो हसले. प्रसंग मरणाचा होता.

बबडी मागच्या ओळीत, कोरसात उभी होती. मध्येच ती कुणाला डोळ्यांनी खुणावायची, कुणाच्या कानात पुटपुटायची, आणि तेवढ्यात तिची स्वतःची ओळ निसटायची. मुख्याध्यापक मध्यंतरातच उठून गेले होते. जाताना, हे पहिलं आणि शेवटचं, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले होते.

पडदा पडला. कुठेतरी चार टाळ्या वाजल्या. सुतार तरातरा पडद्यामागे गेले. सर एका खोक्यावर बसले होते. पलीकडे बबडी ओल्या फडक्याने तोंडावरचा रंग पुसत होती.

"इतक्या महिन्यांची तालीम आणि त्याचं हे?" सुतार ओरडले. "माझी पोर पहिल्यांदा स्टेजवर चढली आणि तुम्ही चारचौघांत तिचा फज्जा उडवलात! दिग्दर्शन म्हणतात याला?"

सरांनी बबडीकडे पाहिलं. ती मानेनेच नको म्हणाली. पण सरांचाही आता संयम सुटला होता.

"दिग्दर्शन माझं नव्हतं," ते म्हणाले. "तुम्ही तिला स्टेजवर चढवलंत त्या दिवसापर्यंत ते तुमच्या मुलीचं होतं."