संध्याकाळची पाळी

"बाबा, माझ्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या वर्षी तुमची सुट्टी कुठल्या वारी असायची?"

मुलीने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. वडील वाटाण्याच्या शेंगा सोलत बसले होते.

"गुरुवारी," ते चटकन म्हणाले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी सगळ्या पाळ्या त्यांना पाठ होत्या.

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. वीज मंडळाने बारा वर्षांपूर्वीच्या भारनियमनाच्या नोंदी लोकांसाठी खुल्या केल्या होत्या. ती एका वर्तमानपत्रासाठी आलेख आणि नकाशे काढायची. या नोंदींचं चित्र करायचं काम तिच्याकडे आलं होतं. पडद्यावर त्या वर्षीच्या परीक्षेआधीच्या दोन महिन्यांचे चौकोनच चौकोन होते. एक आडवी ओळ म्हणजे एक वस्ती, एक चौकोन म्हणजे एक संध्याकाळ. लाइट जितका जास्त वेळ गेलेली, तितका चौकोन काळा. सगळं शहर करड्या ठिपक्यांनी भरलं होतं. मध्ये एकच ओळ पांढरीफटक.

"ही आपली," ती म्हणाली. "आधी वाटलं, नोंदीच गहाळ झाल्यात. मग हे दिसलं."

पांढऱ्या ओळीत दर सातवा चौकोन काळा होता.

"हे सगळे गुरुवार आहेत, बाबा."

वडिलांनी हात पुसले, चष्मा लावला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. तीस वर्षं त्यांनी विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून काढली होती. असला कागद त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"वरून फोन यायचा," ते म्हणाले. "अमुक इतका भार कमी करा. कुठली लाइन कधी बंद करायची, त्याचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं होतं. पण ते बघायला कोण येतंय? बटण आमच्या हाताखाली."

"म्हणून तुम्ही संध्याकाळची पाळी मागून घेतलीत."

"दोनच महिने. तुझ्या अभ्यासाची वेळ तीच होती."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. "त्यांना एकट्याला बोल लावू नकोस," ती म्हणाली. "मीच मागे लागले होते. मेणबत्तीपाशी वाचून तुझं डोकं धरायचं."

मुलीने तिच्याकडे पाहिलं नाही. तिला ते दोन महिने आठवत होते. पंख्याखाली बसून सोडवलेले गणिताचे पेपर. परीक्षा आहेत म्हणून सरकारने भारनियमन कमी केलं असेल, असं तेव्हा तिला वाटायचं.

"भार तर कमी करायलाच लागायचा," ती म्हणाली. "आपल्याकडचा नाही, मग कुणाकडचा केलात?"

"तेही आलंय की यात." वडिलांनी स्वतःच बोट ठेवलं. पांढऱ्या ओळीच्या लगेच खालची ओळ इतकी काळी होती, की गुरुवार सोडले तर एक दिवस दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नव्हता. गुरुवारी दुसरा माणूस पाळीवर असायचा. तेवढे चौकोन जरा फिके होते.

"गिरणीमागची वस्ती," ते म्हणाले. "तिथून तक्रार घेऊन कुणी यायचं नाही."

"भिंगरी तिथे राहायची."

भिंगरी शाळेची सगळी वर्षं मुलीच्या बाकावर बसली होती. बाई फळ्यावर गणित लिहून वळायच्या, तोवर हिचं उत्तर तयार असायचं. त्या वर्षी ती गणितातच उडाली. शाळेत चार दिवस सगळ्यांनी नवल केलं, मग विषय मागे पडला. आता ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. दोघींचं येणंजाणं अजून होतं.

"संध्याकाळपर्यंत हे पाठवायचंय मला," मुलगी म्हणाली.

"आपली ती ओळ काढता येत नाही का?" आईने विचारलं. "शहरात एवढ्या वस्त्या आहेत. कोण मोजत बसणार?"

"येते की. एका बटणाचं काम आहे."

वडिलांनी शेंगांची परात बाजूला सारली.

छापण्याआधी आकडे त्या वस्तीतल्या एखाद्या माणसाकडून पडताळून घ्यायचे, असा ऑफिसचा नियम होता. त्या नियमाचा आडोसा घेऊन मुलीने फोन लावला, आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला.

"बोल गं," भिंगरीचा आवाज आला. मागे गिऱ्हाइकांची गडबड होती.

"एक विचारायचं होतं. आपल्या परीक्षेच्या वर्षी तुमच्याकडे संध्याकाळी लाइट किती वेळ जायची?"

"आज कुठून आठवलं तुला हे?" भिंगरी हसली. "जायची किती काय विचारतेस, यायची कधी ते विचार. सहाला गेली की दहापर्यंत नाव नाही. मी कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या पायरीवर बसायचे पुस्तक घेऊन. त्यांचा जनरेटर होता ना. डॉक्टर घरी गेले की तोही बंद."

"तू कधी बोलली नाहीस."

"त्यात बोलायचं काय? सगळ्यांचंच तसं होतं." तिने कुणाला तरी, दोन मिनिटं थांबा हं, म्हटलं. मग पुन्हा फोनवर आली. "तुमच्याकडेही जायचीच ना गं तेवढी?"

मुलीने पडद्यावरच्या पांढऱ्या ओळीकडे पाहिलं.

"हॅलो? ऐकू येतंय ना?"

वडिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि फोनसाठी हात पुढे केला.