पंख्याचा पट्टा

पूर्व जर्मनीत, सॅक्सनीतल्या लोथारला आपल्या बुटक्या गाडीच्या इंजिनाचं कोण कौतुक! "दोन सिलिंडर, सव्वीस घोड्यांची ताकद. रेडिएटर नाही, व्हॉल्व्ह नाही, पेट्रोलचा पंपसुद्धा नाही. जे नाहीच, ते बिघडणार कसं?" मुलीचं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या जावयाचीही त्यानं अशीच तारीफ केली. "गुंडुला, हा डेटलेफ अगदी माझ्या इंजिनासारखा आहे बघ. जन्मात दगा द्यायचा नाही."

लग्नाच्या सकाळी नोंदणी कचेरी दोन गावं पुढे राहिली, आणि इंजिन गार ठेवणाऱ्या पंख्याचा पट्टा तटकन तुटला. आणि नवा पट्टा तर अख्ख्या जिल्ह्यात कुठल्याच दुकानात मिळत नव्हता.

"आता काय, आरती करू का तुमच्या इंजिनाची?" नवरीच्या वेषातली गुंडुला कडाडली. "उशीर झाला तर आपला नंबर दुसऱ्या जोडप्याला देतील ते!"

"आरती नको. पायातले मोजे काढ."

पलीकडच्या, पश्चिम जर्मनीतून मावशीनं खास लग्नासाठी धाडलेले लांब नायलॉनचे मोजे होते ते! गुंडुलानं रडत रडत काढले. लोथारनं त्यातला एक पिळला, गाठ मारली आणि पंख्यावर चढवला. "आजच्यापुरतं चालवून घेऊ गं." खोटं वाटेल, पण नवरी उघड्या पायांनी का होईना, वेळेवर पोचली.



तीन वर्षांनी गुंडुला डेटलेफशी काडीमोड घ्यायला कोर्टात निघाली ती त्याच गाडीतून, आणि पंख्यावर अजून तोच मोजा होता.