बुधवारचा कोरा चौकोन

दर रविवारी मी आठवड्याचं वेळापत्रक आखून फ्रिजवर चिकटवते. नवऱ्याची कामं निळ्या पेनाने, लेकीची हिरव्या, माझी लाल. कागद लालभडक दिसतो, पण बोलायची सोय नाही. त्यात एकच चौकोन मी स्वतःसाठी कोरा ठेवते: बुधवार, दुपारी चार ते पाच.

गेले तीन आठवडे त्या चौकोनात कोणीतरी लाल पेनाने लिहून ठेवतंय, 'धाकटीला शिकवणीवरून आणणे'.

"माझा एवढासा तासही बघवत नाही का तुम्हा लोकांना?" मी नवऱ्यावर उखडले.

"अक्षर तर तुझंच आहे," तो म्हणाला.

खरंच माझंच होतं. पण धाकटी कुठली? आम्हाला एकच मुलगी.

दर वेळी मी ते खोडून टाकलं. आजही खोडलं आणि चहाचा कप घेऊन हट्टाने बसून राहिले. सव्वाचारला फोन वाजला.

"तुमची धाकटी आजही फाटकात एकटीच उभी आहे," पलीकडून कोणी बाई कडाडल्या. "दर बुधवारी हेच! आई आहात की कोण?"

माझं डोकंच फिरलं. "मला एकच मुलगी आहे, आणि ती इथे माझ्यासमोर अभ्यास करतेय!" मी ओरडले आणि फोन बंद केला.

लेकीने वहीतून डोकं वर काढलं नाही.

"आई, जा ना गं," ती हळूच म्हणाली. "मागच्या बुधवारी तू गेली नाहीस, तेव्हा ती एकटीच चालत घरी आली. फार चिडलीय ती तुझ्यावर."