सहा आकडे

"स्वप्नीलभाऊ, नंबर आबांच्या फोनवर गेला?" भाविकाने विचारलं.

"गेला. तीन मिनिटांत टाकायचाय. विचार लवकर." नेटकॅफेवाल्या स्वप्नीलने स्वतःचा मोबाइल तिच्यापुढे सरकवला.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर पहिल्या पसंतीला जळगावचं कॉलेज होतं. घरात ठरलं होतं ते पारोळ्यातलंच. पोरीची जात, सकाळी गेली की दुपारी घरात दिसली पाहिजे. आज फॉर्मचा शेवटचा दिवस. भाविकाचा बेत साधा होता: आबा सहा आकडे सांगणार, आपण टाकणार, पुढचं पुढे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिचे आबा, चुडामण, बाजार समितीत मापाडी. त्यांनी फोन उचलला तेव्हा मागे पोत्यांची धपधप चालली होती.

"आबा, तुमना फोनवर मेसेज येल शे. नंबर सांगा फक्त."

"थांब व बेटा. अमृत, हाई मेसेज उघडी दे रे." आबांनी शेजारच्या हमालाला सांगितलं.

मेसेज इंग्रजीत असेल अशी भाविकाची खात्री होती. तो निघाला मराठीत. आणि चौथी शिकलेला माणूस काहीही वाचायचं तर पहिल्या अक्षरापासूनच वाचतो.

"ज... ळ... गाव... ये... थील... प्र... वेश..." आबांचा आवाज बारीक होत होत थांबला.

"आपलं ते पारोळानं ठरेल व्हतं ना? हाई जयगाव कोनी लिखं?"

स्वप्नीलने खूण केली, चुकून पडलं म्हण. पडद्यावर चाळीस सेकंद उरले होते. तिच्याही ओठांवर तेच आलं होतं. पण ती इतकी घाबरली होती की ते खोटं तोंडातून बाहेरच पडेना.

"मीच लिखं, आबा. माले तठे शिकानं शे."

मुदत संपली आणि आकड्यांची चौकट लाल झाली. झालं, हेही गेलं आणि तेही गेलं, आता घरी कुठल्या तोंडाने जायचं!

"परत पाठवू?" स्वप्नीलने विचारलं. तिने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, हे तिचं तिलाही कळलं नाही. त्याने बटण दाबलं.

"तठे ऱ्हाशी कोठे?" आबांनी विचारलं.

"होस्टेलमा. पोरीस्नं येगळं शे."

फोनमध्ये टिंग वाजलं. आबा खाकरले. मग पोतं काट्यावर चढल्यावर ते वजन पुकारतात, त्या अख्ख्या शेडला ऐकू जाणाऱ्या आवाजात त्यांनी मेसेज पुन्हा पहिल्यापासून वाचला. "जळगाव येथील प्रवेश!" या वेळी ते अडखळले नाहीत. मग एकेक आकडा. चार. शून्य. नऊ.

मापाड्याने चारचौघांत पुकारलेलं माप फिरत नाही, हे बाजारातलं शेंबडं पोरही जाणतं. भाविकाने सहावा आकडा दाबला. चौकट हिरवी झाली.

"पक्कं झालं," स्वप्नील म्हणाला.

इतका वेळ तिला आबांची भीती वाटत होती. आता पहिल्यांदाच जळगावची वाटायला लागली. फोन ठेवायला तिचा हात होईना. पलीकडे आबा पुढचं पोतं पुकारत होते.